पैसे मी दिले, मग प्रकाशक कोण?



गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय ७१. गुडघ्यांचं बोलून झालं, नातवाच्या परीक्षेचं झालं, आणि मग म्हणाली, "तुझं पुस्तक काढलं त्या कंपनीचा नंबर दे गं. मला दुसऱ्याच एका कंपनीचा फोन आलाय, पण तुझ्या ओळखीची असली तर बरी."

अक्का गेली तीस वर्षं कविता लिहिते आहे. भावजींच्या दुकानाच्या हिशेबाच्या वह्या वर्षअखेरीला बंद झाल्या की मागची कोरी पानं अक्काची. अशा ८४ कविता झाल्या आहेत. कुणाला फारशा दाखवलेल्या नाहीत. दशलक्षण पर्वात महिला मंडळात दोन-तीन वाचल्या असतील, तेवढंच. त्या कंपनीने तिला १ लाख २० हजारांचं पॅकेज सांगितलंय आणि भावजींच्या मागे राहिलेल्या ठेवींतली एक ठेव मोडायला ती निघाली आहे.

मी म्हटलं, "अक्का, सही करू नकोस. ठेव मोडू नकोस."

पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग म्हणाली, "तुझं पुस्तक आलं तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आता माझी पाळी आली तर तू आडवी येतेस?" आणि फोन ठेवला.

तिचं काहीच चुकलं नाही. चूक माझी आहे. तीन वर्षांपूर्वी मी याच ठिकाणी प्रकाशन समारंभाचे फोटो टाकले होते. शाल, श्रीफळ, हातात पुस्तक, बाजूला आमचे हे आणि नातवंडं. त्यानंतर निदान सात-आठ जणींनी मला विचारलं, "कसा काय अनुभव?" प्रत्येकीला मी "छान" म्हणून सांगितलं. त्यातल्या दोघींनी पैसे भरले. सत्याणुव्रतावर लेख लिहिणारी बाई तीन वर्षं हे खोटं सांभाळत बसली, कारण फसलो हे सांगायची लाज वाटत होती. मी १९८० ची बी.कॉम. आहे. घरचा हिशेब चाळीस वर्षं माझ्याकडे आहे. भाजीवालीने दोन रुपये जास्त लावले तर मला कळतं. आणि हा एवढा हिशेब मी कधी कागदावर मांडलाच नाही. आज मांडते.

निवड झाल्याचा फोन

माझं पुस्तक चातुर्मासातल्या स्वयंपाकाचं. कंदमूळ नाही, पालेभाजी नाही, सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची ताटं व्हायला हवीत, आणि तरी घरातल्या पोरांनी "आज काय हेच?" म्हणू नये. सासूबाईंकडून आलेल्या आणि मी भर घातलेल्या मिळून १४० पाककृती. सुनेने रात्री बसून टाइप करून दिल्या. मोबाइलवर एक जाहिरात दिसली, 'तुमच्या स्वप्नातलं पुस्तक आम्ही प्रकाशित करू'. पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी फोन. गोड आवाजाची मुलगी. "अभिनंदन मॅडम! आमच्या संपादक मंडळाने तुमचं हस्तलिखित निवडलं आहे."

मला आयुष्यात कुणी कशासाठी निवडलेलं नव्हतं. लग्नासाठी निवडलं होतं, पण तिथेही आधी पत्रिका पाहिली होती. मी हरखून गेले. तरी विचारलं, "मंडळाला कोणता पदार्थ आवडला?" ती म्हणाली, "सगळेच खूप हेल्दी आहेत मॅडम." तिथेच कळायला हवं होतं की कुणी एक पानही वाचलेलं नाही. कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं.

मग तीन पॅकेजं आली. साधं, मधलं आणि भारी. साडीच्या दुकानात दाखवतात तशी. साधं इतकं साधं दाखवलं होतं की ते घेताना आपलीच किंमत कमी होईल असं वाटावं. भारी परवडत नव्हतं. मी मधलं घेतलं. आपण सगळ्या मधलंच घेतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मधल्यात होतं: व्यावसायिक संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन, कॉपीराइट साहाय्य, ऑनलाइन विक्री, समाजमाध्यमांवर प्रसिद्धी, लेखिकेला ३० प्रती, आणि '१०० टक्के रॉयल्टी'.

मुखपृष्ठाचं तेवढं सांगते. पुस्तक कंदमुळाशिवायच्या स्वयंपाकाचं, आणि मुखपृष्ठावरच्या टोपलीत भोपळी मिरची, टोमॅटो आणि कोपऱ्यात लसणाचा एक सुबक गड्डा! कुठूनतरी तयार फोटो उचलून लावला होता. मंजुरीला तो मोबाइलवर आला तेव्हा मी चष्म्याशिवाय पाहिला आणि 'मंजूर' म्हणून कळवलं. ती चूक माझी. पण संपादन मंडळाने पुस्तक वाचलं असतं, निदान नाव तरी वाचलं असतं, तर लसूण तिथे आला असता का? ३० प्रती छापून घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, हे काय?" बदलासाठी वेगळे पैसे लागतील असं उत्तर आलं. ते भरले. आधीच्या ३० प्रतींवर मी आणि नातीने बसून लसणावर स्वस्तिकाची चिकटपट्टी लावली. समारंभात मान्यवरांच्या हातात होत्या त्या याच.

हिशेब

आता आकडे. मी बिलं जपून ठेवली आहेत, बघायची असतील त्यांनी घरी यावं.

पॅकेज ४८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०. झाले ५६,६४०. मुखपृष्ठ बदलाचे करासह २,९५०. पुस्तकाची छापील किंमत ३००, 'लेखक सवलती'त मला १८० ला एक. समारंभासाठी आणि वाटायला म्हणून २०० प्रती घेतल्या, ३६,०००. एकूण ९५,५९०. हॉल, नाश्ता आणि शाली मी धरलेल्या नाहीत, ती हौस होती.

आता जमेची बाजू. ऑनलाइन एक पुस्तक ३०० ला विकलं गेलं की १५० विक्री करणाऱ्याचं कमिशन. १०९ छपाईचे. उरले ४१, ते सगळे माझे. हीच ती १०० टक्के रॉयल्टी! तीन वर्षांत ऑनलाइन २३ प्रती गेल्या. त्यातल्या १४ कुणी घेतल्या ते मला नावानिशी माहीत आहे, दोन पुण्याच्या भाचीनेच घेतल्या. २३ गुणिले ४१ म्हणजे ९४३ रुपये. तेही मला मिळालेले नाहीत, कारण त्यांच्या नियमाप्रमाणे १,००० रुपये साठल्याशिवाय पैसे खात्यावर येत नाहीत.

फक्त पॅकेज भरून निघायला मला ऑनलाइन १,३८२ प्रती विकाव्या लागल्या असत्या. हा भागाकार मी सही करण्याआधी दोन मिनिटांत करू शकले असते.

कुणी म्हणेल, पुस्तक खपलं नाही यात कंपनीचा काय दोष? दोष खपण्या-न खपण्याचा नाहीच. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की कुठलाही धंदा समजून घ्यायचा तर त्याचं उत्पन्न कुठून येतं ते बघावं. नेहमीचा प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, पुस्तक छापतो, वाचकाला विकतो, आणि त्यातून स्वतःचा नफा आणि लेखकाचं मानधन काढतो. पुस्तक पडून राहिलं तर तो बुडतो. म्हणून तो नाक मुरडतो, महिनोन्महिने उत्तर देत नाही, दहातली नऊ बाडं परत करतो. राग येतो त्याचा, पण त्याच्या नकाराला अर्थ असतो आणि म्हणून होकारालाही असतो.

माझ्या कंपनीचं उत्पन्न कुठून आलं? पॅकेज माझ्याकडून. बदल माझ्याकडून. माझ्या २०० प्रतींवर १०९ ची वस्तू १८० ला विकून प्रत्येकी ७१, म्हणजे १४,२०० रुपये, तेही माझ्याकडून. वाचकाकडून किती? त्यांच्याच कागदाप्रमाणे शून्य, कारण विक्रीतलं उरलेलं '१०० टक्के' माझं. मैत्रिणींनो, या १०० टक्क्यांवर आपण सगळ्या भुलतो. जो व्यापारी विक्रीतला एक रुपयाही मागत नाही, त्याला विक्री होणार नाही हे आधीच ठाऊक असतं. त्याचा नफा पुस्तक छापायला जाण्याआधीच त्याच्या खात्यात जमा झालेला असतो. पुढे त्याने पुस्तकासाठी कशाला धावपळ करावी?

जीएसटीचंही तेच सांगणं आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. दुकानातून पुस्तक घेताना तो आपण भरत नाही. माझ्या पॅकेजच्या बिलावर १८ टक्के लागला, कारण ते पुस्तकाचं बिल नव्हतंच, सेवेचं बिल होतं. आणि त्यावर 'ग्राहक' म्हणून माझं नाव होतं. शालीवर मी लेखिका होते, बिलावर गिऱ्हाईक. दोन्हींतलं खरं कोणतं, हे बी.कॉम.वालीने सांगायला हवं का?

जे फुकट आहे ते विकणं

पॅकेजमध्ये ज्या वस्तूंनी मला भारावून टाकलं, त्यांतल्या दोन तर आपल्याच होत्या.

पहिली आयएसबीएन. पुस्तकाच्या मागे बारकोडवर तो १३ आकडी नंबर असतो, आपल्याकडे ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा. मला वाटायचं हा म्हणजे पुस्तकाला मिळालेला सरकारी शिक्का, दर्जाचा. तसं काही नाही. तो ओळख क्रमांक आहे, गॅसच्या ग्राहक क्रमांकासारखा. आणि भारतात तो केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय एजन्सी एक रुपयाही न घेता देते. लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो. माझ्या पॅकेजच्या यादीत हा नंबर किमतीसकट लिहिला होता.

दुसरी कॉपीराइट. १९५७ च्या कायद्याप्रमाणे आपण लिहिलं त्या क्षणी त्याचा हक्क आपला होतो. नोंदणी करता येते, पण ती सक्तीची नाही. आपण आहोत तोवर आणि आपल्यानंतर ६० वर्षं तो हक्क राहतो, म्हणजे अक्काच्या कवितांचा हक्क तिच्या पणतवंडांपर्यंत जाईल. तो कुणी मिळवून द्यायचा नसतो. जपायचं ते उलट असतं, आपल्या सहीने तो कुणाला देऊन टाकला जात नाही ना हे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून करारात 'अनन्य' हा शब्द आणि वर्षांचा आकडा, दोन्ही बोट ठेवून वाचा. मी आमच्या ह्यांना वाचायला दिला. ते म्हणाले, "इंग्रजी आहे, ठीकच असेल."

आणखी एक गंमत. १९५४ चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. त्यांत मुंबईची एशियाटिकही आहे. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं, सासूबाईंची उसळ एशियाटिकमध्ये! मी कंपनीला विचारलं, पाठवली का? उत्तर आलं, "ती जबाबदारी लेखकाची." म्हणजे पुस्तकावर प्रकाशक म्हणून छापायला तुमचं नाव, आणि प्रकाशकाचं कर्तव्य निघालं की मी!

मान

एवढं सगळं त्यांच्यावर ढकललं, आता आपल्याकडे वळते.

या धंद्याला इंग्रजीत 'व्हॅनिटी पब्लिशिंग' म्हणतात. आपल्याला त्यासाठी शब्द शोधायला नको. क्रोध, मान, माया, लोभ, चार कषाय रोजच्या प्रतिक्रमणात आपण म्हणतो. त्यातला हा दुसरा. क्रोध आला तर घरातले लगेच सांगतात. लोभ आला तर शेजारी सांगतात. मान आला तर शाल मिळते, म्हणून तो ओळखू येत नाही. मला पुस्तक हवं होतं हे खरं, पण त्याहून जास्त मला 'निवड झाली' हे वाक्य हवं होतं. चाळीस वर्षं स्वयंपाक केला. पाहुणे जेवून "वा" म्हणून गेले. कुणी बसून वाचलं नव्हतं. त्या मुलीने ते वाक्य ४८,००० ला विकलं आणि मी घेतलं.

म्हणून मला या कंपन्यांचा राग छपाईसाठी पैसे घेतल्याचा येत नाही. कागद फुकट येत नाही, छापणाऱ्याचंही घर आहे. राग याचा येतो की साठी-सत्तरीच्या बाईची जी एक दुखरी जागा असते, तिच्यावर नेमकं बोट ठेवून ते दर ठरवतात. अक्काला फोनवर काय सांगितलं माहीत आहे? "मॅडम, तुमच्या कविता जगासमोर यायला हव्यात." तिने त्यांना तोवर एकही कविता पाठवलेली नव्हती.

मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, "आपण साड्यांवर घालतो, सहलीवर घालतो, मग पुस्तकावर घातले तर काय बिघडलं?" काहीच नाही. पण साडीवाला "या साडीसाठी आमच्या मंडळाने तुमची निवड केली आहे" असं सांगत नाही. तो साडी दाखवतो, दर सांगतो, आपण घासाघीस करतो. हौस म्हणून खर्च करणं वेगळं आणि हौसेला सन्मान समजून खर्च करणं वेगळं. पुस्तक आल्यावरही हे थांबत नाही. मला दोन पुरस्कारांचे फोन आले. दोन्हींना प्रवेश शुल्क होतं. तिसरा फोन एका 'शंभर प्रेरणादायी महिला' पुस्तकाचा, त्यात आपलं पान हवं असेल तर पाच हजार. शंभर गुणिले पाच हजार तुम्हीच करा.

अत्तिमब्बेने काय केलं

आपल्यात पुस्तकासाठी पैसे देण्याची परंपरा जुनी आहे, आणि ती बाईचीच आहे. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे होऊन गेली, लक्कुंडीची बसदी बांधणारी, दानचिंतामणी म्हणून जिला सगळे ओळखतात. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती स्वखर्चाने लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नव्हता. एकेक पान हाताने. आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदान आपण मानतो ते यासाठीच. आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला. तीही दानातूनच उभी राहिली. आजही कुणाच्या स्मरणार्थ पूजासंग्रह छापतात, पहिल्या पानावर दात्याचं नाव असतं आणि बस्तीत प्रती वाटल्या जातात.

यात आणि माझ्या पॅकेजमध्ये फरक काय? अत्तिमब्बेने पैसे दिले आणि हजार प्रती मोजून घेतल्या. प्रती कुणासाठी आहेत हे तिला माहीत होतं. पोन्नाचं काव्य निवडलं तिने, तिला कुणी निवडलं नाही. आणि दान केलं असं उघड म्हटलं गेलं, 'प्रकाशित झाले' म्हणून कुणी मिरवलं नाही. पैसे देणं हे काही पाप नाही. आपण कशाचे पैसे देतो आहोत हे झाकून ठेवणं, त्यांनी आपल्यापासून आणि आपण लोकांपासून, ते चुकीचं.

मग करायचं काय?

मोठे प्रकाशक आपल्यासारख्यांना दारात उभं करत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी आधी पाठवून बघा. नकार फुकट असतो. कविता, कथा, कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्या पुस्तकासाठीच असते, आणि पैसे लेखकाकडून घेतले जात नाहीत, पुस्तकासाठी दिले जातात. अर्ज करायला वयाची लाज धरू नका. ई-पुस्तक चालणार असेल तर ॲमेझॉनच्या केडीपीवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं, त्याला काही भरावं लागत नाही. सून किंवा नातू बसवा शेजारी.

आणि छापील प्रत हातात हवीच असेल, जशी मला हवी होती, तर प्रकाशक शोधू नका, छापखाना शोधा. गेल्या महिन्यात मी मुद्दाम आमच्याच गावातल्या एका प्रेसमध्ये माझंच पुस्तक घेऊन गेले आणि दर काढून आणला. १६० पानं, ३०० प्रती. डीटीपी पानाला ४५ प्रमाणे ७,२००. मुद्रितशोधन पानाला २० प्रमाणे ३,२००. मुखपृष्ठ ३,०००. कागद, छपाई आणि बाइंडिंग प्रतीला ८५ प्रमाणे २५,५००. एकूण ३८,९००. प्रत पडली साधारण १३० ला, आणि ३०० प्रती आपल्या. मी ९५,५९० देऊन २३० घेतल्या होत्या. प्रेसच्या मालकाने माझं पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "काकू, पान ४७ वर मीठ जास्त पडलंय." तीन वर्षांत पुस्तक वाचणारा तो पहिला माणूस, आणि त्याने पैसे मागितले नाहीत.

कंपनीकडेच जायचं ठरवलं असेल, आणि काही कंपन्या सरळ दर सांगून नीट कामही करतात, तर सही करण्याआधी एवढं लेखी मागा. एका प्रतीची छपाई किती आणि मला ती कितीला. आयएसबीएन कुणाच्या नावावर. डीटीपीची मूळ फाइल माझ्याकडे येणार का, की पुढच्या आवृत्तीला पुन्हा तुमच्याच दारात. मुद्रितं कागदावर दाखवणार का, मोबाइलवर नाही. विक्रीचा हिशेब दर किती महिन्यांनी. करार मी कसा संपवू शकते. गेल्या वर्षी तुम्ही काढलेल्या पुस्तकांपैकी सरासरी किती प्रती अनोळखी वाचकांनी विकत घेतल्या. या शेवटच्या प्रश्नावर फोन पटकन बंद झाला तर उत्तर मिळालं असं समजा.

आणि "ऑफर आजपर्यंतच आहे" असं म्हणाले तर उद्या फोन करा. ऑफर असतेच.

अक्कासाठी मी एक ठरवलंय. या रविवारी इचलकरंजीला जाते. तिच्या वह्या घेऊन बसते, ८४ च्या ८४ मोठ्याने वाचते, एकेक. तिला संपादक मंडळ हवंय ना, मग निदान एका माणसाने तरी पूर्ण वाचून हे चांगलं आणि हे जमलं नाही असं सांगायला हवं. मग हवं तर आमच्या प्रेसमध्ये १०० प्रती काढू. अर्धे पैसे मी घालीन. ठेव आहे तिथे राहू दे, गुडघ्याचं ऑपरेशन समोर आहे. ती अजून माझा फोन घेत नाही. भाचा म्हणाला, ठेव मोडलेली नाही. तेवढा तरी दिलासा.

ज्या दोघींनी माझ्या 'छान' वर विश्वास ठेवून पैसे भरले, त्यांची मी इथे, सगळ्यांसमोर, क्षमा मागते. घरी येऊनही मागेन.

माझ्या पुस्तकाच्या ११८ प्रती दिवाणाखाली आहेत. चातुर्मास जवळ येतोय. ज्यांना हवी त्यांनी निरोप द्या, बस्तीत आणून देईन, पैसे नकोत. फक्त पान ४७ उघडून पेन घ्या. वाटली डाळ, चार चमचे मीठ असं छापलंय, ते पाऊण चमचा करून घ्या.

जय जिनेंद्र.